पिवळा ठिपका

गॅरेजमध्ये त्याला सगळे ठिपकेबुवा म्हणत. गाडीच्या विजेच्या कामात त्याचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट लोकांच्या आधी तो स्वतःच सांगत असे. एखादा नट आवळून झाला की खिशातल्या बारक्या बाटलीतून तो त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका ठेवी. ठिपका म्हणजे काम पक्कं. ठिपक्यावर पुन्हा पाना लावायचा नाही, असा त्याचा नियम होता, आणि बाकीचेही तो निमूट पाळत, कारण न पाळणाऱ्याला अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागे.

व्याख्यानात तसं खोटं काही नव्हतं, हे मान्य करायला हवं. चाकाचा नट जोर मागतो, विजेचा नट अक्कल मागतो, असं तो म्हणे. जास्त आवळला तर आतला आट्यांचा दांडा तुटून हातात येतो. कमी आवळला तर तार आतल्या आत हलते, तापते आणि तिच्यातली वीज मनात येईल तेव्हा चालते, मनात येईल तेव्हा रुसते. म्हणून आधी बॅटरीची तार सोडायची, टोक घासून लख्ख करायचं, वॉशर घालायचा, नट बोटांनी बसेल तितका बसवायचा आणि मग टॉर्क पान्यानं हळूहळू आवळायचा. ठरलेला जोर झाला की तो पाना ‘टक्’ असा आवाज करतो. टक् झालं की हात थांबला पाहिजे, पुढचा जोर म्हणजे नुसती मस्ती. मग ठिपका.

एवढं सगळं ज्याला तोंडपाठ, त्याच्याच घरच्या गाडीत हे व्हावं, म्हणजे दिव्याखाली अंधारच की.

गाडी सासऱ्यांची. सासरे त्याच्याच घरी, खालच्या खोलीत राहत. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती आणि एकदाही कुठे साधं खरचटलं नव्हतं; दर चौथ्या वाक्याला ते हे सांगत, आणि कोणी ऐकायला नसलं तर नातीला सांगत. नात नऊ वर्षांची. तिला आठवड्यातून दोनदा पोहायच्या तलावावर सोडायचं आणि आणायचं, हे त्यांचं काम. त्या दोन दिवसांसाठी ते बाकीचे पाच दिवस जगत, असं त्यांची लेक म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी या गाडीचा अल्टरनेटर गेला. गाडी चालू असताना बॅटरी भरत ठेवायचं काम या यंत्राचं. जावयानं नवा बसवला. घरचं काम म्हणून सुट्टीच्या दिवशी, दारातच. मग महिनाभरानं एका सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी पार झोपलेली.

ठिपकेबुवा मीटर घेऊन बाहेर आला. दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू केली, मीटर लावला. चौदा व्होल्ट. बॅटरी व्यवस्थित भरत होती. अल्टरनेटरच्या तारेकडे वाकून बघितलं, तर नटावर पिवळा ठिपका. विषय संपला.

“बाबा, रात्रभर दिवे राहिले चालू,” त्यानं निकाल दिला.

“कसे राहतील? स्विच तर बंद आहे, हा बघा.”

“सकाळी बसल्याबरोबर सवयीनं तुमचाच हात गेला असेल. बंद केले असतील तुम्ही आणि लक्षातही राहिलं नसेल. होतं असं.”

सासऱ्यांनी स्विच पुन्हा एकदा चाचपून बघितला. जावई या विषयातला जाणकार. उगाच वाद कोण घालणार?

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा मीटर, पुन्हा चौदा, पुन्हा ठिपका, पुन्हा निकाल. या वेळी लेकही जरा चढ्या आवाजात बोलली. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती तलावाच्या आवारात. नात ओल्या केसांनी तासभर गाडीत बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी तापानं फणफणली. लेक वडिलांना म्हणाली, “बाबा, तुम्हाला विसरायला होतंय हे एकदा मान्य तरी करा. उद्या तिला तलावावरच विसरून याल.” हे वाक्य ती बोलून गेली आणि मग चार दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःच मान्य केलं. राहिले होते दिवे, म्हणाले, आठवतंय मला.

डॉक्टरकडे न्यायची कल्पना जावयाचीच. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बिनचूक. वयाच्या मानानं उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांनी त्यातलं ‘वयाच्या मानानं’ एवढंच घरी आणलं.

मग खालच्या खोलीत चिठ्ठ्या लागायला लागल्या. शेगडीपाशी ‘गॅस?’, दारावर ‘किल्ली?’, आरशावर ‘गोळी घेतली?’. बस चालवताना सत्तर माणसांचा जीव हातात घेऊन हसत बोलणारा माणूस आता नळ बंद केला की नाही ते बघायला दोनदा उठायचा. आणि एक दिवस चहाच्या टेबलावर त्यांनी गाडीची किल्ली ठेवली. “विकून टाका,” म्हणाले. “कोणाचं काही बरंवाईट व्हायच्या आधी.” लेक रडली. जावयानं किल्ली उचलून खिशात टाकली आणि मोठ्या मनानं म्हणाला, “बाबा, योग्य निर्णय घेतलात.”

गाडी घ्यायला रविवारी सकाळी एक बाई येणार होत्या, म्हणून शनिवारी दुपारी ठिपकेबुवा बॉनेट उघडून इंजिन पुसायला बसला. पुसता पुसता फडकं अल्टरनेटरच्या तारेत अडकलं. त्यानं ओढलं, आणि तार हलली.

तार हलायला नको. त्यानं बोट लावलं. नट फिरला. नुसत्या बोटानं, बाटलीच्या झाकणासारखा, आणि त्याच्याबरोबर वरचा पिवळा ठिपकाही गोल फिरला.

पाच महिन्यांपूर्वीची ती दुपार त्याला अख्खी दिसली. नट बोटांनी बसवला होता. पाना उचलणार तेवढ्यात फोन वाजला. कोणी जुनं गिऱ्हाईक कामाची तारीफ करत होतं, आणि तारीफ ऐकायला ठिपकेबुवाला कधी घाई नसे. एका हातात फोन, दुसऱ्या हाताला काम हवं म्हणून त्यानं ब्रश उचलला. ठिपका ठेवला. पाना तिथेच राहिला. नट बोटांच्या जोरावर टेकलेला होता, म्हणून मीटर लावला की चौदा दाखवायचा. गाडी खड्ड्यातून गेली की तार सुटायची, बॅटरी उपाशी राहायची. आणि दर वेळी बघायला येणारा शहाणा आपलाच ठिपका बघून परत जायचा.

त्यानं बॅटरीची तार सोडली. अल्टरनेटरच्या तारेचं टोक काळं पडलं होतं, ते घासलं. वॉशर बदलला. नट बोटांनी बसवला, पाना लावला. टक्. सगळं मिळून चार मिनिटं लागली. चार मिनिटांचं काम त्यानं केलं नव्हतं, आणि त्याच्या बदल्यात एका माणसाला म्हातारं करून ठेवलं होतं.

दुसरं फडकं घ्यायला तो गाडीत वाकला, तर स्टिअरिंगच्या मागे एक चिठ्ठी. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘दिवे बंद केले का? नक्की?’ ‘नक्की’खाली दोन रेघा. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि बराच वेळ त्याला उठवेना. आपण चोर आहोत, असं त्याला सरळ सरळ वाटलं. चोरही बरा, तो निदान दुसऱ्यावर आळ घेऊन त्याला डॉक्टरकडे नेत नाही.

पण मन मोठं वकील असतं. गाडी उद्या जातेय, ते म्हणालं. नट आवळलास, घेणाऱ्याला त्रास नाही. बाबांनी तसंही किती वर्षं चालवली असती? आणि गॅरेजमध्ये कळलं तर? ठिपकेबुवाचा ठिपका खोटा निघाला, हे ऐकून तिथला गाड्या रंगवणारा रंगारी आठवडाभर पोट धरून हसेल. बायकोला काय सांगशील? तो हात धुऊन आत गेला आणि काहीच बोलला नाही. जेवताना नातीनं विचारलं, “आजोबा, आता मला पोहायला कोण नेणार?” आजोबा म्हणाले, “तुझा बाबा नेईल की. तो काही विसरत नाही.”

रविवारी सकाळी बाई आल्या. दवाखान्यात नर्स होत्या. नीटनेटक्या, स्पष्ट बोलणाऱ्या. गाडीभोवती फिरल्या, आत बसून बघितलं, सुरू करून बघितली. घरचे सगळे दारात उभे. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“गाडी छान ठेवलीय,” बाई म्हणाल्या. “पण खरं सांगा, काही दोष आहे का? मला कामावर जायला लागणार आहे, रस्त्यात बंद पडून चालायचं नाही.”

जावई तोंड उघडणार, तेवढ्यात सासरेच पुढे झाले.

“गाडीत दोष नाही हो, बाई,” ते हसत म्हणाले. “दोष माझ्यात आहे. मी दिवे चालू ठेवून विसरतो. तीनदा बॅटरी संपवली. डोकं चालत नाही आता पहिल्यासारखं. तुम्ही नेलीत की गाडी सुखी.”

एका अनोळखी बाईसमोर. इस्त्रीच्या शर्टात, हसत. ठिपकेबुवाला वाटलं, धरणी दुभंगावी.

“खोटं आहे ते,” तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की नात दचकली. “दिवे कधी राहिलेच नव्हते. नट मी आवळला नव्हता. ही तार ढिली होती पाच महिने. काल सापडली मला. कालच सापडली, आणि मी गप्प बसलो.”

बाईंनी एकदा जावयाकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे. “मी फोन करते नंतर,” असं म्हणून त्या पर्स सावरत निघून गेल्या. शहाणी बाई.

सासरे हसलेच. “जावईबापू, मला बरं वाटावं म्हणून कशाला स्वतःवर घेताय? एवढंही काही मनाला लावून घेतलेलं नाही मी.”

“तुझा स्वभाव ना,” बायको हळूच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, कौतुकानं. हे कौतुक त्याला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

त्यानं आतून कचऱ्याचा डबा आणला आणि त्यातून जुना वॉशर शोधून काढला, काळा ठिक्कर पडलेला. तो सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला. मग बॉनेट उघडून पहिल्यापासून सगळं सांगितलं: फोन, तारीफ, ब्रश, ठिपका. काही शिल्लक ठेवलं नाही. चौतीस वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाला जळलेला वॉशर ओळखता येतो. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

“तू मला म्हणालास, डॉक्टरांना दाखवू या,” बायको म्हणाली. आता आवाजात कौतुक नव्हतं. “तुझ्या बोलण्यावर मी बाबांना काय काय बोलले. तलावावर विसरून याल म्हणाले मी त्यांना.” ती मुलीला घेऊन आत निघून गेली.

दारात दोघंच उरले. सासरे वॉशर बोटांत फिरवत होते. आता बोलतील, दोन शिव्या देतील, द्याव्यात, याची तो वाट बघत होता. पाया पडायचीही त्याची तयारी होती.

“म्हणजे दिवे मी चालू ठेवले नव्हते,” सासरे म्हणाले.

“नाही बाबा. एकदाही नाही.”

“तलावापाशीसुद्धा?”

“तिथेसुद्धा नाही. चुकलो मी. मला माफ करा.”

सासऱ्यांनी मान हलवली. माफीचं त्यांनी ऐकलंच नसावं.

“पण मला आठवतंय,” ते म्हणाले. “पोरगी मागे बसून केस पुसत होती. मी दार लावलं. हात स्विचवर गेला, तर तो चालूच. मी मनात म्हटलं, अरेच्चा, राहिला की हा! आणि बंद केला. बोटाला गार लागला स्विच. अगदी स्वच्छ आठवतंय हो मला. दिवे राहिलेच नव्हते, तर मग मला आठवतंय ते काय?”

“ते झालंच नाही, बाबा. तुमचा हात गेला असेल, तुम्ही बंद केला असेल, असं मी सांगितलं. तीनदा सांगितलं. ते मी घातलं तुमच्या डोक्यात.”

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. गाडी घेऊन गॅरेजच्या दारात आलेला माणूस बघतो, तसे ते बघत होते. आपल्याला यातलं काही कळत नाही, तुम्हाला कळतं, असं.

“मग तुम्हीच काढा ते आता,” ते म्हणाले, आणि तिथेच, त्याच्यासमोर, वाट बघत उभे राहिले.