दोन मणक्यांचं जनावर

१९८८च्या जानेवारीत भिवंडीतल्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मुख्याध्यापिका कमळबाईंनी माझ्याकडे डायनोसॉरचं मोठं चित्र मागितलं. मी तिथलाच निवृत्त ग्रंथपाल. नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. आपल्याकडचा असावा म्हणून मी जबलपूरला सापडलेला छोटा मांसाहारी जबलपूरिया निवडला.

शेजारी राहणारा राघो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणायचा. त्यानं तिथून कोरं कापड आणून दिलं. आठवड्यात त्यावर जनावर उभं राहिलं. जबडा, नख्या, अंगावर पट्टे. बाई खूश झाल्या. मला मात्र जेवण जाईना. पुस्तकात त्याचे दोनच मणके सापडल्याचं लिहिलं होतं, आणि तेच नेमके माझ्या पट्ट्यांखाली झाकले गेले होते. बाकी सगळं माझ्या मनातलं. मुलं ते खरं मानणार.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी राघो शिफ्ट संपवून चित्र बघायला आला. मी विचारलं, "चिंधीवरून तू अख्खं कापड ओळखतोस ना?"

"वळखतो की. धागं मोजायचं, सूत बगायचं, तसाच तागा काडायचा."

"मग दोन मणक्यांवरून जनावर?"

तो हसला. "मास्तर, चिंधी मधली आसली तर मधलंच कळंल. काठ कसला व्हता, कोन सांगनार? येकदा मी मनानं लाल काठ घातला. शेठनं अख्खा तागा माज्या गळ्यात मारला. घरात अजून त्याच्याच उशा हायेत. तवापास्नं इचारून घेतो."

"मी कुणाला विचारू? साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली."

"मंग गप ऱ्हायचं."

तो गेला. मी घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी कापडाचा उरलेला वीतभर तुकडा घेतला, त्यावर पुस्तकात बघून ते दोन मणके काढले.

सकाळी भिंतीवर तेवढाच तुकडा टाचला. मोठ्या चित्राची घडी काखेत होती.

"सर, डायनोसॉर कुठाय?" कमळबाई म्हणाल्या.

"हा काय. सापडला तेवढा."

"एवढ्याशा चिंधीसाठी मी अख्खी भिंत मोकळी ठेवली? द्या ते इकडे."

त्यांनी घडीला हात घातला. नाही म्हणायचं होतं. शब्द काही फुटेना, पण काखही ढिली होईना. शेवटी त्यांनीच हात काढून घेतला.

मुलांची पहिली रांग आत आली आणि थेट चिंधीला नाक लावून उभी राहिली. तेवढ्यात मला वाटू लागलं, दुसरा मणका जरा लांबट झालाय.