मोठी अक्षरं

नव्या मुलाचं बोट एंटरवर टेकणार, तोच बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"कुठल्या विंडोत आहेस?"

"सरावाच्या. डावीकडच्या."

"अरे, सकाळी मशीन बदललं. डावी उजवीकडे गेलीय."

पुसायची कमांड खऱ्या रुग्णांच्या नोंदींवर टाइप झाली होती. खऱ्या विंडोला लाल पार्श्वभूमी, सरावाच्या विंडोला हिरवी, ही शिस्त बाईंनीच घालून दिलेली. लाल दिसलं की हात आवरायचा, एवढंच नव्या माणसाला सांगायचं.

तो दोन्ही विंडोंकडे आळीपाळीने बघत राहिला, जुळ्या भावांकडे बघावं तसा. मग काचेपलीकडच्या साहेबांकडे. नोकरी अजून कायम व्हायची होती.

"बाई, रंगाचं जरा..."

"आधी ती कमांड खोड."

बाईंचा धाकटा भाऊ पिकलेला टोमॅटो रंगावरून नाही, दाबून ओळखायचा. घरात त्यावरून केवढं हसू व्हायचं. शेवटी त्याने टोमॅटो आणायला जाणंच सोडलं.

त्यांनी माउस स्वतःकडे ओढला आणि सेटिंग्ज उघडल्या. खऱ्या विंडोतली अक्षरं दुप्पट केली, ठळक केली. कर्सरचा जाड ठोकळा केला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'खऱ्या नोंदी' असं उमटेल, अशी सोय केली. रंगांना हात लावला नाही.

साहेब बाहेर आले.

"बाई, हे काय? दुकानाची पाटी रंगवताय का?"

"नजर गेली हो कामातून. बारीक दिसतच नाही आता."

"मग डोळे दाखवा. की घरी बसायचा बेत आहे?"

"घरचे नको म्हणतात."

साहेब हसले. "बरं, मग सगळ्याच मशीनवर असं करा. एक असं, एक तसं नको."

तो मान खाली घालून बसला होता.

जेवणाच्या सुट्टीत बाईंच्या बाहीचं बटण लोंबायला लागलं. त्यांनी पर्समधून सुई काढली, चष्मा टेबलावर ठेवला, उजेडाकडे तोंड केलं आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. तो धुतलेला डबा घेऊन दारात उभा होता. डब्यातून पाणी ठिबकत होतं. थोडा वेळ तसाच थांबून तो आल्या पावली परत गेला.

दुपारी साहेबांनी बारीक अक्षरातला एक कागद बाईंपुढे धरला.

"हे वाचून सांगा जरा."

बाईंनी हात पुढे केला, पण त्याआधीच नव्या मुलाने कागद घेतला होता.

"द्या, मी वाचतो. बाईंना बारीक दिसत नाही."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.