पेटी रिकामी नाही

बाळांच्या डॉक्टरांना वॉर्डातल्या बायका गोडबोले म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण आवाज असा, जणू तोंडात कायम खडीसाखर.

सकाळी ते तिच्या खाटेशी बसले. तेविसावा आठवडा होता आणि पाणी जायला लागलं होतं. "ताई, इतकं कोवळं बाळ वाचलं तरी हालच. नळ्या, सुया, पुढे डोळे, मेंदू, कशाचीच खात्री नाही. उगाच धडपड न करता तुमच्या कुशीत शांतपणे जाऊ द्यायचं, हेही प्रेमच असतं." नवरा रडला. तिने मान हलवली, वर थँक्यू म्हणाली.

दुपारी शेजारच्या खाटेवरची बाई दूध काढून परतली. तिचं बाळ कालच झालेलं, काचेच्या पेटीत होतं.

"कितवा आठवडा होता?"

"तेविसावाच की. आमचे हे नको म्हणत होते. गोडबोलेच म्हणाले, हार मानायची नाही, आपण लढायचं. शेवटची पेटी होती, नशीब माझं."

ऐकता ऐकता ती खाटेवर उठून बसली. पेटी असली की लढाई, नसली की प्रेम, आणि आवाज दोन्हीकडे तोच, पाकात घोळलेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तिला कळलं असतं; ती काही दूधखुळी नव्हती. पण या माणसाने आपला कोरडा आड तिच्या मायेने झाकला होता. आपल्या त्या थँक्यूचीही तिला शिसारी आली.

संध्याकाळी कळा सुरू झाल्या तसे डॉक्टर आले, मान कलती करून.

"डॉक्टर, पेटी रिकामी आहे का?"

"ताई, सकाळी आपलं ठरलं ना, बाळाच्या दृष्टीने..."

"पेटी."

"नाही."

"दुसऱ्या हॉस्पिटलात?"

"आता वाटेतच होईल."

"आणि सकाळी निघालो असतो तर?"

नवऱ्याने डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तर पोचला असतात," डॉक्टर म्हणाले. आवाजातली साखर गेली होती.

"बाळ माझ्या कुशीत द्या," ती म्हणाली. "पण तुम्ही जायचं नाही. त्याचा श्वास चालेल तोवर इथेच उभं राहायचं. आणि बोलायचं नाही."

बाळ झालं. सगळ्यांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ ते श्वास घेत राहिलं.