दाराचा निरोप अडला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी कंट्रोलर पेटी आहे. धाराशिवच्या एका गॅरेजात फळीवर पडून असते. एकेकाळी मी येरमाळ्याहून जाणाऱ्या एका खासगी बसमध्ये एसी सांभाळत असे.

त्या बसमध्ये माझ्यासारख्या सात पेट्या होत्या. साऱ्यांचे निरोप पीळ घातलेल्या दोनच तारांवरून जात. दोघींनी एकदम तोंड उघडलं, तर ज्या निरोपाचा नंबर लहान तो आधी जाई आणि दुसरी थांबे. ब्रेक पहिला, दार त्यामागं, मी शेवटची. गारव्याला कसली आलीय घाई!

एका उन्हाळ्यात मी बिघडले. मेकॅनिक शांतलिंग यांनी मला दुरुस्त केलं, पण गडबडीत दाराच्याही आधीचा नंबर दिला. शिवाय एक दोष राहून गेला. मी उसंत न घेता तेच ते तापमान सांगत सुटले. प्रवासी म्हणत, "लई गार हाय गाडी!" मी फुशारून जाई.

एके दुपारी येरमाळ्याच्या थांब्यावर गंगम्मा नावाच्या आजी चढत होत्या. दार उघडं असल्याचा निरोप दाराची पेटी देऊ पाहत होती, पण तारेवर माझीच बडबड. चालक कोंडीराम यांच्यासमोरचा लाल दिवा लागलाच नाही. गाडी हलली, आजी खाली पडल्या. उजवं मनगट मोडलं.

"दिवा लागलाच न्हाय हो!" कोंडीराम परोपरीनं सांगत राहिले. मालकानं त्यांना कामावरून काढलं. मला खरं ठाऊक होतं, पण तापमानाखेरीज मला काही बोलताच येत नव्हतं.

महिन्याभरानं शांतलिंग यांनी तपासणीचं यंत्र जोडून तारेवरचे निरोप पाहिले. पडद्यावर नुसती मीच! आपणच दिलेला नंबर त्यांना आठवला. त्यांनी आधी मालकाला खरं सांगितलं, मग मला पिशवीत घालून कोंडीरामांसोबत आजींचं घर गाठलं.

"आजी, ह्यांची चूक न्हाय. म्याच नंबर चुकीचा टाकला."

आजींनी मला डाव्या हातात घेऊन निरखलं. मग कोंडीरामांकडं वळल्या. "तुला म्या लई शिव्याशाप दिले रे बाबा. पुन्हा गाडीवर आलास की मला तुझ्याच गाडीतनं घेऊन जा."

कोंडीराम पुन्हा कामावर रुजू झाले. मी मात्र फळीवर आले, ते बरंच झालं.

मित्रांनो, दुरुस्त केलेलं यंत्र चालतंय, एवढ्यावर समाधान मानू नका. त्याच्यापायी दुसऱ्या कुणाचा आवाज दबला का, तेही बघा. गंगम्मांना अजून उजव्या हातानं भाकरी थापता येत नाही.