सही कोगनोळीपलीकडची

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या मुलींच्या वसतिगृहात, तळमजल्यावर गाद्या ठेवायच्या खोलीला आग लागली. अलार्म वाजला नाही. स्वयंपाकाची मनुबाई चहाचं आधण ठेवायला उठली होती. तिला धूर दिसला. उलथन्यानं परात बडवत ती तीन मजले चढली आणि चौसष्ट मुली खाली घेऊन आली. मोजताना दोघी कमी भरल्या, म्हणून पुन्हा वर गेली. त्या दोघी मागच्या दारानं आधीच बाहेर पडल्या होत्या. मनुबाईला अग्निशमन दलाच्या माणसांनी जिन्यातून उचलून आणलं. ती बेळगावच्या दवाखान्यात आहे, अजून शुद्धीवर आलेली नाही.

बुधवारी सकाळी वसतिगृहाच्या वायरमनला, मष्णूला, पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. अलार्म ठीक असल्याच्या दाखल्यावर त्याची सही होती.

मष्णू हा रचनाचा सख्खा मामा. मामीचा फोन आला तेव्हा रचना निपाणीच्या घरातून कामावर निघतच होती. कोल्हापूरच्या एका कंपनीत ती फायर अलार्म तपासते. पदविका झालेली, प्रशिक्षण झालेलं, महाराष्ट्रात तिच्या सहीवर इमारतींना दाखले मिळतात. रोज सकाळी राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की ती अधिकारी माणूस, संध्याकाळी परत आली की घरची सून. आज तिनं रजा टाकली, कपाटातली एक फाईल काढली आणि उलट्या दिशेची, बेळगावची बस धरली.

फाईल दोन महिन्यांपूर्वीची होती. तेव्हा मामानंच तिला बोलावलं होतं.

"पोरी, सर म्हणत्यात अलार्म तपासून सही कर. मला बोर्ड जोडाय येतोय, पंप उघडाय येतोय. ह्यातलं मला काय कळतंय? तू येऊन बघ."

एका रविवारी ती गेली होती. लांब काठीच्या टोकाला धुराचा डबा लावून तिनं एकेक डिटेक्टर तपासला, मामा शिडी धरून मागोमाग. अडतीस डिटेक्टर. त्यातल्या एकविसांवर धुळीसाठी कारखान्यातून येते ती प्लास्टिकची टोपी तशीच होती. बसवणाऱ्यानं काढलीच नव्हती, वरून रंगाऱ्यानं रंग मारून ती चिकटवून टाकली होती. पॅनेलची बॅटरी मेलेली. भोंग्याची वायर तोडलेली, कारण फोडणीच्या धुरानं तो बोंबलायचा आणि अभ्यासाच्या वेळी मुली बाहेर पळायच्या. हे सगळं रचनानं खोलीच्या नंबरासकट अहवालात लिहून, त्याची प्रत वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिव सुहासराव, म्हणजे मामाचे 'सर', यांच्या हातात देऊन पोच घेतली होती.

सुहासरावांनी तीनही पानं नीट वाचली होती. मग चष्मा काढला.

"काम छान केलंयत. पण ताई, तुमची सही कोगनोळीपलीकडची. इकडे तिला काय किंमत?"

"बरोबर आहे," रचना म्हणाली होती. "इकडे परवाना असलेली माणसं आहेत. त्यांना बोलवा. शेवटी तसंच लिहिलंय."

"बघतो की."

ती घरी गेली होती. एकदा मेल पाठवला होता, उत्तर आलं नव्हतं, आणि तिनं पुन्हा विचारलं नव्हतं. बसमध्ये तिला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

ठाण्यात मष्णू भिंतीकडच्या बाकावर बसला होता. पायात चपला नव्हत्या. घाईत निघाला होता की कुणी बाहेर काढायला लावल्या होत्या, तिनं विचारलं नाही.

"मामा, सही का केलीसा?"

"सर म्हणाले, दाखला न्हाय गेला तर वसतिगृहाची परवानगी जाईल. पोरींच्या परीक्षा तोंडावर. कुठं जातील बिचाऱ्या? मी न्हाय म्हणाय गेलतो गं, पर..."

"कागद वाचला व्हता?"

"कानडीत व्हता. बोलतोय मी, वाचाय अक्षर-अक्षर लावावं लागतंय. परिशीलन असं काय तरी व्हतं. सर म्हणाले, म्हंजे नजरेखालनं घातलं एवढंच. तू रोज बघतोसच न्हवं? मी बघतो की रोज. हिरवा दिवा असतोय पॅनेलवर."

"हिरवा दिवा म्हंजे नुसता करंट चालू हाय! एकवीस टोप्या तुमी सवता बघितल्यासा. शिडीवर मी व्हते, खाली तुमी व्हता!"

बाकावरची बाकीची माणसं वळून बघायला लागली. मष्णूनं मान खाली घातली.

फौजदार मराठी चांगलं बोलत होते. त्यांनी दाखल्याची प्रत तिच्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "परिशीलिसलागिदे. म्हणजे तपासून खात्री केली. नजरेखालून घातलं नव्हे, अक्का. तुमच्या मराठीत काय अर्थ होतो ते कोर्टाला सांगू नका."

रचनानं अहवाल काढला. फौजदारांनी पहिलं पान पाहिलं, वरचा कोल्हापूरचा पत्ता पाहिला आणि तो परत दिला.

"हे इकडे चालत नाही. तुम्हाला इथे तपासायचा अधिकार नाही."

"मान्य. मग वायरमनला व्हता?"

"ते इथलेच आहेत."

"इथलेच आहेत!" तिचा आवाज चढला. "साहेब, माझ्याकडं परवाना हाय तर मी पलीकडची. त्यांच्याकडं कसलाच परवाना न्हाय, तर ते चालले? तपासणाऱ्याला काय येतं ते कुणीच बघितलं न्हाय. कुठं राहतो तेवढं बघितलं. आणि ती बाई तिकडं नळीवर हाय."

फौजदारांनी दाखल्याची प्रत परत स्वतःकडे ओढली. त्यांना तिचा राग आला असावा, किंवा पटलंही असावं.

"सही म्हणून घेऊ नका," रचना जरा दमानं म्हणाली. "दाखला म्हणूनबी नको. मी त्या दिवशी काय बघितलं ते साक्षीदार म्हणून लिहून देते. टोप्या बघाय परवाना लागत न्हाय. सचिवांच्या हातात दिला, त्याची पोच हाय माझ्याकडं."

आता फौजदारांनी पेन उचललं. "अर्ज लिहा. मूळ प्रत जोडा. पोचेसकट."

बाहेरच्या व्हरांड्यात ती अर्ज लिहायला बसली, तर समोर सुहासराव उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. ती बाटली त्यांनी तिच्यापुढे धरली. तिनं घेतली नाही.

"देताय अहवाल? जरूर द्या," ते म्हणाले. "फक्त शेवटचं पान बघून द्या. मामांचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही, म्हणून सांगतो."

तिनं पान उलटलं. खाली तिची सही होती. तिच्या डाव्या बाजूला, 'तपासणीवेळी हजर' या शब्दांखाली, वाकड्या अक्षरात मष्णूची. नियमाप्रमाणे तिनंच घेतली होती, स्वतःचं पेन देऊन. तारीख दाखल्याच्या नऊ दिवस आधीची.

"म्हणजे काय," सुहासराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "अडाण्यानं चुकून सही केली, तर गोष्ट वेगळी. सगळं माहीत असून केली, तर वेगळी. विचार करा."

"तुमाला माहीत व्हतं का न्हवतं?"

"मी कुठे सही केलीय, ताई?"

एक थोबाडीत द्यावी असं तिला इतकं वाटलं, की तिनं दोन्ही हात फाईलखाली दाबून धरले. मग ती आत मामाकडे गेली आणि त्याच्या शेजारी बसून, आवाज न चढवता, सगळं सांगितलं. अहवाल दिला तर सुहासराव अडकतील, पण तोही पक्का अडकेल. नाही दिला तर तो कदाचित चुकलेला वायरमन म्हणून सुटेल, आणि सुहासरावांचं नावही येणार नाही.

मष्णूनं बराच वेळ अंगठ्यानं तळहात चोळला.

"मनुबाई कशी हाय?"

"तशीच."

"लई वरसं चहा पाजलाय तिनं मला," तो म्हणाला. "आदी मला द्यायची, मग सरांना." मग रचनाकडे न बघताच, "दे जा."

"मामा, नीट इचार करा."

"केलाय की. सही करताना केला न्हवता, आता केला. दे म्हणतोय न्हवं!"

दुपारी तीन वाजता रचनानं अर्ज दिला. मूळ अहवालाची तीनही पानं, सोबत पोच. फौजदारांनी शेवटचं पान दोनदा वाचलं, मष्णूकडे एकदा पाहिलं आणि आवक क्रमांक टाकला. मग त्यांनी सुहासरावांना आत बोलवायला शिपाई पाठवला. व्हरांड्यात कुणी नव्हतं. त्यांचा फोन बंद लागत होता.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत सुहासरावांचा जबाब झालेला नव्हता. मष्णूला अटक केल्याची नोंद पाच वाजून दहा मिनिटांनी झाली. मनुबाई शुद्धीवर आलेली नव्हती.