शनिवारी फोडायची रेकॉर्ड

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात दोघे भाऊ वीस वर्षं पाठीला पाठ लावून बसत. थोरला मोटर बघे, धाकटा शटल आणि दोऱ्याचा ताण. दोघांचा आवडता रॉक बँडही एकच. नवी रेकॉर्ड आली की शनिवारी शटर अर्धं ओढून ती एकत्रच ऐकायची आणि मग वहीत हाताआड दहापैकी मार्क द्यायचे. पन्नाशीला आलेल्या बाप्यांचा हा नेम पोरकट म्हणा हवं तर. पण एकट्याने आधी ऐकणं म्हणजे दगाबाजी, हे ठरलेलं.

मग त्यांच्या गायकाने जुना बँड चालू ठेवूनच दुसरा एक बँड काढला. त्याच महिन्यात थोरल्यानेही, सासरे थकले म्हणून, त्यांच्या गल्लीत वेगळं दुकान टाकलं.

"शनिवारी येईनच की इथे," थोरला म्हणाला.

"काही गरज नाही," धाकटा म्हणाला. राग त्याच्या नाकावरच बसलेला असायचा.

नव्या बँडची रेकॉर्ड आली तेव्हा थोरल्याचा फोन आला. "आणलीय. कधी ऐकू या?"

"मी ऐकली," धाकट्याने थाप ठोकली. "भिकार. जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही. शून्य लिही माझं."

"बरं," म्हणून थोरल्याने फोन ठेवला. अबोला दीड वर्ष टिकला, आणि गेल्या महिन्यात थोरला हृदयविकाराने गेला तेव्हाही तो तसाच होता.

आज वहिनी दुकानात आली. तिने रेकॉर्ड आणि वही त्याच्यापुढे ठेवली. रेकॉर्डवरचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं.

"दादाने ऐकली नाही?"

"नाही हो भावोजी. म्हणायचे, तो थापा मारतोय, माझ्याशिवाय ऐकायचा नाही. येईल एखाद्या शनिवारी, तेव्हा फोडू."

वहीत धाकट्याच्या रकान्यात पेन्सिलीने शून्य होतं, शेजारी प्रश्नचिन्ह. थोरल्याचा रकाना कोरा होता. धाकट्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

दोरे कापायच्या कात्रीने त्याने प्लास्टिक कापलं. वहिनीने शटर अर्धं ओढलं.

जुन्या बँडमध्ये ड्रम पुढे पळे आणि गायकाला फरपटत नेई. इथे ड्रमवाला गायकासाठी थांबत होता. आवाज तोच, जरा थकलेला. माणूस कुठे गेलाच नव्हता. फक्त दुसऱ्या खोलीत बसून गात होता. तिसऱ्या गाण्याला धाकटा सवयीने मागे वळला, "ऐकलंस का?" म्हणायला. मागचं स्टूल रिकामं होतं. मग मात्र त्याला रडू आवरेना.

रेकॉर्ड संपली. त्याने शून्य खोडलं, डाव्या हाताचा आडोसा केला आणि नऊ लिहिले. नेहमीसारखी वही मागे सरकवली आणि तो वाट बघत बसला.

बऱ्याच वेळाने वहिनीने ती उचलून मिटली.