उपाशी गोधडी

वसुधाच्या नावापुढे अकरा हिरवे ठिपके होते आणि दागिन्यांपेक्षा तिला त्यांचाच जास्त अभिमान होता. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला येऊन वीस वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी ती मोटारीच्या कारखान्यातल्या शशिधरची बायको. गोधड्या सुरेख शिवायची, पण बघणार कोण? दोन वर्षं तिने जुन्या बाजारात टेबल मांडलं. लोक कापड चिमटीत धरायचे, छान छान म्हणायचे आणि शेजारच्या टेबलावरची किटली विकत घेऊन चालू लागायचे.

मग २००६च्या उन्हाळ्यात तिच्या लेकीने, दियाने, रेगेन्सबर्गला शिकायला जाण्याआधी लिलावाच्या साइटवर आईचं खातं उघडून दिलं. ज्या गावांची नावं वसुधाला नकाशात शोधावी लागत, तिथली माणसं तिच्या गोधडीसाठी एकमेकांवर बोली चढवू लागली. कोणी रोस्टॉकची सुईण, कोणी आल्प्सच्या पायथ्याशी पाव भाजणारा. दुकान नाही, पाटी नाही, ओळखपाळख नाही. एक फोटो, चार ओळी आणि आधीच्या गिऱ्हाइकांनी दिलेले हिरवे ठिपके. एवढ्यावर परका माणूस परक्या बाईवर विश्वास टाकतो, याचं तिला भारी अप्रूप वाटे. पोस्टातली बाई तर आता ‘फ्राऊ वैशंपायन’ हे अख्खं नाव न अडखळता घ्यायची. नवऱ्याच्या साहेबाला ते अजून जमलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी बारावा ठिपका उमटला. लालभडक. समुद्रकाठच्या हुसुम गावच्या फ्राऊ पेटरसेन यांनी खाली शेरा मारला होता: ‘कोपऱ्यात कडक दाणे लागले. उसवलं तर आत तांदूळ! उंदरांना आमंत्रण. अस्वच्छ.’

वसुधाला तो शेरा खोटा म्हणता येईना. कारण तांदूळ तिनेच घातले होते. तिची आई शेवटचं ठिगळ लावताना आत चार दाणे सारायची. गोधडी उपाशी राहता कामा नये, म्हणायची. जिच्याच पोटात काही नाही, ती दुसऱ्याला ऊब काय देणार? वसुधाचे हात ते न सांगता करत. जाहिरातीच्या चार ओळींत हे लिहावं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आमटीत मीठ घातलंय, हे वाढताना कोणी सांगतं का?

“अहो, बघितलंत का हे?” तिने शशिधरला संगणकापाशी बोलावलं.

त्याने चष्मा वर केला. “आल्झो, यात काय एवढं! एन्टशुल्डिगुंग म्हण, माफ करा, चुकून पडले म्हण. प्रॉडक्शनमध्ये असे फॉल्ट होतातच.”

“चुकून? माझ्या हातून एक टाका चुकून जात नाही!”

“गेनाऊ, अगदी बरोबर! पण ते त्या बाईला कुठे माहितीये?”

त्याचं चुकत नव्हतं, तिथेच तर दुखत होतं. दोन गोधड्यांचे लिलाव चालू होते आणि तीन दिवस त्यांच्यावर एकही बोली आली नाही. ज्या ठिपक्यांनी तिला अख्ख्या देशात नेलं, त्यांतलाच एक तिला परत स्वयंपाकघरात बसवायला निघाला होता. नियमाप्रमाणे तो पुसता येत नव्हता. त्याच्याखाली विकणाऱ्याला उत्तर द्यायला ऐंशी अक्षरांची जागा तेवढी होती. ‘चुकून पडले, क्षमस्व’ त्यात आरामात मावलं असतं. पण मग आईची रीत म्हणजे चूक, असं सगळ्यांसमोर लिहून दिल्यासारखं झालं असतं. ते काही तिच्याने होईना.

चौथ्या दिवशी तिने जर्मनमध्ये लिहिलं: ‘दाणे मुद्दाम घातले. आमच्याकडे गोधडी उपाशी पाठवत नाहीत.’ बटण दाबलं, संगणक बंद केला आणि तावातावाने कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्राऊ पेटरसेन यांची मेल आली.

‘तुमचं उत्तर वाचलं. माझी आजी नव्या घरात राहायला जाणाऱ्याला पाव आणि मीठ द्यायची. हे मला आधी आठवायला हवं होतं. दाणे मी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून टाकले. सहा दिवस झाले, मी उपाशी गोधडी पांघरते आहे. आता काय करू? तसे तांदूळ कुठे मिळतील?’

वसुधा चक्क रडली. शेकडो किलोमीटरवरच्या, कधीही न पाहिलेल्या बाईने तिला विचारलं होतं की आता काय करू. वीस वर्षांत या देशात तिला असं कोणी विचारलं नव्हतं.

तिने उत्तर लिहिलं: ‘तांदूळ शोधू नका. गोधडी आता तुमच्या घरची झाली. तुमच्याकडे जे शिजतं, तेच तिला घाला.’ पाठवल्यावर तिने ते स्वतःच पुन्हा एकदा वाचलं. हे आपण नक्की कुणाला सांगितलं, असं तिला वाटून गेलं.

शनिवारी दोन्ही गोधड्यांवर पुन्हा बोली लागल्या. तिघांनी तर आधीच विचारून घेतलं, आमच्या गोधडीचं पोट भरलेलं आहे ना? लाल ठिपका जागच्या जागी होता. पण गिऱ्हाइकाला त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहायची मुभा होती, आणि ती फ्राऊ पेटरसेन यांनी घेतली होती. वसुधाने शशिधरला हाक मारली आणि ती ओळ मोठ्याने वाचायला घेतली, पण शेवटच्या शब्दापाशी ती बाजूला सरकली आणि तो तिने त्यालाच वाचायला लावला:

‘ओट्स घातले. शिवून टाकलं. जेवली.’